दुसऱ्या गाडीचा गोळा

“दाब आता. अजून दाब. हां, सोड.”

आनंदाभावजी जीपच्या मागच्या पायरीवर वाकून उभे होते आणि मान खाली घालून गाडीच्या पोटातला आवाज ऐकत होते. स्टिअरिंगवर हे. वाडीच्या वरच्या अंगाला जेवढा म्हणून सपाट रस्ता होता तेवढ्यात गाडी दोनदा पुढं गेली, दोनदा मागं आली. मी ओसरीवर पाय लांब करून बसले होते. नववा लागला होता आणि पायांना सूज होती. हातात जपाची माळ होती, पण त्या सकाळी मणी मोजून पुढं सरकत नव्हते. माझाही कान गाडीकडंच होता.

भावजी उतरून अंगणात आले. हे नि ते एका शाळेतले. तालुक्याला त्यांचं छोटं गॅरेज होतं. आडनावाचे लोहार, आणि धंदाही लोखंडाचाच.

“वहिनी, तुम्हाला ह्यो आवाज कधीपासनं येतोय?”

“दिवाळीच्या आधीपासनं. चढाला घुमते. उताराला गप्प असते.”

“ऐक संपा. तुझ्यापरास वहिनींचा कान बरा.”

“कान चांगलाच हाय तिचा,” हे म्हणाले. “जीभ तेवढी देवानं उसनी दिलीया, म्हणून जपून वापरती.”

भावजी हसले, पण लगेच गाडीखाली शिरले. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी फुगवटा असतो, त्याच्या आत दात्यांची जोडी असते. इंजिनाची ओढ तिथून वळून दोन्ही चाकांना मिळते. मेकॅनिक लोक त्याला डिफरन्शल म्हणतात. वाडीत सगळे गोळा म्हणत. भावजींनी त्याच्या बुडाचं बूच सोडलं आणि खाली जुनी परात धरली. तेल काळं यायला हवं होतं. ते रुपेरी आलं, पाण्यात भस्म कालवावं तसं. भावजींनी दोन बोटांत ते चोळून पाहिलं, मग परातीच्या तळात बोट फिरवलं आणि काहीतरी उचलून ह्यांच्या तळहातावर ठेवलं. दात्याचा तुकडा होता, हरभऱ्याएवढा.

“किती दिस चालंल?” ह्यांनी विचारलं.

“दिस कसले इचारतोस? खिंडीच्या चढाला असला तुकडा दात्यात अडकला तर तिथंच चाक धरंल. म्होरं जायची न्हाई की मागं यायची न्हाई. आन् ते वहिनी आत असताना.”

हे तो तुकडा मुठीत दाबून उभे राहिले.

त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला ठाऊक होतं. कराडच्या डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं होतं, मूल आडवं आहे, कळा सुरू व्हायच्या आत दवाखान्यात येऊन राहायचं, घरी थांबायचं नाही. आमच्या वाडीला एसटी नव्हती. खिंड चढून पलीकडं उतरायचं, मग खाली डांबरी लागायची. माझं पहिलं मूल घरात गेलं होतं. दुसऱ्या वेळी चार माणसांनी मला डोलीत घालून नेलं आणि खिंडीच्या माथ्यावर डोली खाली ठेवावी लागली. ते मूल तिथंच दगडांखाली आहे. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ह्यांनी मिलिटरीच्या लिलावातली ही जीप आणली. पुढच्या चाकांना ओढ देणारा दांडा तिला आणतानाच नव्हता. जी काय ओढ होती ती मागच्या चाकांना. वाडीतले लोक तिच्यातून बाजाराला जात, पण ती कशासाठी आणली हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नव्हतं.

“दुसरा गोळा कुठं मिळंल?” ह्यांनी विचारलं.

“हाय एक. धरणाच्या ठेकेदाराची जीप गेल्या साली दरीत गेलीती बघ, तिचा. सांगाडा भंगारात पडलाय. म्होरनं चेपलीया, मागनं धडधाकट हाय. दाते मी बघितल्यात, नव्यासारखं हायत.”

हे ऐकलं आणि माझ्या सासूबाई, आत्याबाई, दारात येऊन उभ्या राहिल्या.

“त्या गाडीत तीन माणसं मेली,” त्या म्हणाल्या.

“गोळ्यानं न्हाई मारली, आत्या. ड्रायव्हर झोपला हुता.”

“मेली ना पर?”

भावजी त्याच दुपारी खाली गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गड्यांच्या खांद्यावर वासा देऊन, वाशाला गोळा बांधून खिंडीतून घेऊन आले. गडी लगेच परत गेले. तो गुरुवार होता, मार्गशीर्षातला. मी उपास धरला होता, पण आत्याबाईंनी सकाळीच माझ्यापुढं दुधाची वाटी ठेवली आणि म्हणाल्या, “तुझा उपास मी करते. देवाला काय, घरात एक झाला म्हंजे झाला.”

त्यांचं माझ्यावर प्रेम होतं, पण ते असं कामातून दिसे. दोन्ही बाळंतपणांनंतर त्या कधी मला एक शब्द बोलल्या नाहीत. ह्यांच्या पाठची तीन भावंडं वारली, ती त्यांनी स्वतः मातीत घातली होती.

आमचं अंगण उताराचं. गाडी तोंड वर, रस्त्याकडं करून उभी असायची. भावजींनी आधी मागच्या चाकांमागं दगड लावायला घेतले. एका चाकामागं बांधावरचा धोंडा लावला. दुसऱ्यासाठी तसा दगड सापडेना, तेव्हा तुळशीच्या कट्ट्याजवळचा काळा, चपटा दगड दोन्ही हातांनी उचलून आणला.

“वहिनी, ह्यो देवाचा हाय का? पाप लागायचं मला.”

“देवाचा नाही. नारळ फोडायचा आहे.”

“मग आज जरा गाडीची सेवा करू दे त्याला.” त्यांनी तो चाकामागं घातला, वर एक लाथ मारून घट्ट बसवला.

मग काम सुरू झालं. दोन्ही चाकांच्या तोंडावरच्या झाकण्या काढून भावजींनी आतले लांब दांडे बाहेर ओढून घेतले, उसाचं कांडं पेरातून निघावं तसे. हे गाडीखाली तिरके झोपून इंजिनाकडून गोळ्याला येणारा मधला मोठा शाफ्ट सोडवत होते. पुढच्या चाकाच्या मागून त्यांचे पाय बाहेर आलेले. दोघांचं बोलणं चाललं होतं.

“संपा, पोरगी झाली तर?”

“तर काय? गाडी चालवायला शिकवीन.”

“आन् पोरगा झाला तर?”

“तर तुझ्याकडं पाठवीन, हात काळं करायला. पोरगी झाली म्हंजे बरं.”

जुना गोळा निघाला तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. तो त्यांनी ओढत आणून माझ्यासमोर टाकला. आतल्या मोठ्या चक्राचे दाते एका बाजूनं झिजून धारदार झाले होते आणि दोन तर मुळातूनच नव्हते. “बघा वहिनी, ह्यो आपल्याला खिंडीत बसवणार हुता,” भावजी म्हणाले.

नवा गोळा त्यांनी रॉकेलनं धुऊन पोत्यावर ठेवला होता. आत्याबाई त्याच्याकडं लांबूनच बघत होत्या. शेवटी त्या जवळ आल्या.

“आनंदा, नारळ फोडल्याबिगर हे बसवायचं न्हाई.”

“गाडी सुरू करताना फोडू की, आत्या. तसंच करत्यात समदी.”

“गाडी आपली हाय, तिला कवाबी फोडू. हे परक्याचं हाय, मढ्यावरनं आलेलं. ह्याची आधी इडापिडा काढायची, मग ह्याला घरात घ्यायचं. उतरून टाकल्याबिगर माझ्या सुनंखाली ते लावू देणार न्हाई मी.”

गाडीखालून ह्यांचा आवाज आला. “फोडू दे रं तिला. तवर मी माती पुसतो आतली.”

आत्याबाईंनी मला आत जाऊन पडायला सांगितलं. नजर काढताना गरोदर बाईनं समोर असू नये, म्हणाल्या. मी आतल्या खोलीत जाऊन कुशीवर पडले. भिंतीपलीकडं सगळं ऐकू येत होतं. आत्याबाईंची पावलं अंगणात इकडून तिकडं गेली. काहीतरी शोधत होत्या.

“संपत, ते हँडब्रेक का काय ते, ओढलंय न्हवं रं?”

“ओढलंय, आई. तुझं चालू दे.”

थोड्या वेळानं नारळ फुटल्याचा आवाज आला. एकाच घावात फुटला. मला बरं वाटलं, इतकं मला आठवतंय.

मग भावजी म्हणाले, “धर आता छातीवर. मी पहारीनं उचलतो. एक, दोन.” लोखंडावर लोखंड घासलं. “अजून जरा. जोर लाव.” मग भावजींचा आवाज बदलला. “संपा, गाडी. संपा, बाहेर ये.”

मी उंबऱ्याशी पोचले तेव्हा गाडी तिच्या जागेवर नव्हती. ती दोन हात मागं आली होती आणि पुढचं चाक ह्यांच्या कमरेवर चढून थांबलं होतं.

शेजारची शेवंताकाकू, तिचा नवरा, आणखी दोनतीन माणसं धावत आली. सगळ्यांनी मिळून गाडी वर ढकलली. ह्यांना गोधडीवर घेतलं. रक्त फार नव्हतं. कमरेखालचं सगळं मात्र वेडंवाकडं, दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं दिसत होतं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

“डोली करा,” शेवंताकाकूचा नवरा म्हणाला.

“डोलीत न्हाई,” हे म्हणाले. त्यांना पूर्ण शुद्ध होती. “आनंदा, बसव.”

भावजी तिथंच मातीत बसले होते. दोन्ही हात मांडीवर पालथे. “माझं हात चालंना, संपा.”

“चालतील. मी सांगतो. बस आत.”

आणि मग जे झालं ते मी कधी कुणाला नीट सांगू शकले नाही. आमच्या अंगणात एक माणूस मोडून पडला होता आणि दुसरा गाडीखाली झोपून तोच गोळा बसवत होता, कारण ते झाल्याशिवाय त्या वाडीतून कुणीच खाली जाऊ शकत नव्हतं, ना हे, ना मी. गाडीच्या चारी चाकांना आता लोकांनी धोंडे लावले होते. शेवंताकाकूचा नवरा पहार धरून वाकला होता. हे मधूनमधून डोळे मिटत आणि परत उघडून विचारत, “पॅकिंग घातलंस? शाफ्टाचं चारी बोल्ट आवळलंस?” खालून भावजी “व्हय” म्हणत. एकदा “व्हय”च्या जागी नुसतं नाक ओढल्याचं ऐकू आलं. हे म्हणाले, “रडू नको रं, दिसायचं न्हाई तुला.”

मी नामस्मरण करत होते. तेवढ्यात माझी नजर तुळशीकडं गेली. कट्ट्याजवळ काळा दगड त्याच्या नेहमीच्या जागी होता. त्यावर हळदकुंकू वाहिलेलं होतं आणि नारळाचं पाणी अजून वाळलं नव्हतं. आत्याबाई त्याच्याच बाजूला भिंतीला टेकून बसल्या होत्या, तोंडात पदर कोंबून. त्या कुठंच बघत नव्हत्या.

तेल भरलं, गाडी सुरू झाली. ह्यांना मागं गोधडीवर आडवं केलं, डोकं माझ्याकडं, पाय आत्याबाईंकडं. भावजींनी गाडी इतकी हळू चालवली की शेवंताकाकूचा नवरा बराच वेळ सोबत चालत होता. खिंडीचा चढ लागला. मी सवयीनं त्या घुमण्याची वाट बघत राहिले. काही आलं नाही. नुसतं इंजिन.

“आवाज गेला बघ,” हे म्हणाले.

“हो.”

“चांगला बसवला त्यानं.”

माथ्यावर ती जागा आली तेव्हा त्यांनी माझा हात शोधला. पलीकडच्या उतारावर, डांबरी दिसायला लागली त्या वळणावर, तो हात हातात राहिला पण त्यानं धरलेलं सुटलं. मी भावजींना सांगितलं नाही. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांना कळलं. त्यांनीही सांगितलं नाही. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, कारण मला कळा सुरू झाल्या होत्या आणि गाडी थांबायला नको होती.

मुलगी झाली. पोट फाडून काढावी लागली, पण रडली.

तिसऱ्या दिवशी भावजी दवाखान्यात आले. मला व्हरांड्यापर्यंत चालता येत होतं. तिथं आत्याबाई बसल्या होत्या. भावजींना बघताच त्या उठल्या आणि सगळ्या दवाखान्यासमोर त्यांना बोलायला लागल्या. “दगड लावला असतास तर? एक दगड. लोहाराच्या पोटी जन्म घेऊन एक दगड लावता आला न्हाई तुला? माझं लेकरू खाल्लंस तू. तुझ्या हाताला जश येणार न्हाई, तुझ्या घरात दिवा लागणार न्हाई.” भावजी खाली मान घालून सगळं ऐकत राहिले. आदल्या दिवशी हवालदारापुढंही त्यांनी तेच लिहून दिलं होतं, की घाईत एका चाकाला दगड लावायचा राहिला.

आत्याबाई दमून आत गेल्या, तेव्हा मी म्हणाले, “भावजी, दगड तुम्ही लावला होता.”

“न्हाई, वहिनी.”

“मी समोर बसले होते. मला विचारून तुळशीचा दगड घेतलात तुम्ही.”

“म्हणून तर तुम्हाला सांगायला आलोय.” त्यांनी इकडंतिकडं बघून आवाज उतरवला. “आत्यांनी इचारलं ना, हँडब्रेक ओढलाय का? संपा ओढलाय म्हणला. खरंच ओढला हुता. पर ह्या गाडीचा हँडब्रेक चाकांना न्हाई, मधल्या शाफ्टाला धरतोय; शाफ्ट सोडल्यावर त्याला धरायला काय राहत न्हाई, हे त्यांना कुठनं ठावं असणार? त्यांनी नारळाचा दगड नारळासाठी घेतला, आन् एकट्या धोंड्यानं गाडी धरली न्हाई. माझं तोंड गोळ्यात हुतं, मी बघितलं न्हाई.”

“पण मग तुम्ही का…”

“चार लेकरांची आई हाय ती. तीन आधीच गेली. चौथं आपल्या हातानं गेलं असं कळलं तर उद्याची सकाळ बघंल का?” ते थांबले. “तुम्ही खोटं बोलत न्हाई, ठावं हाय मला. बोलू नका. कुणी इचारलं तर गप्प बसा. तेवढं तुम्हाला जमतंय.”

मी दारातून आत पाळण्यातल्या पोरीकडं बघितलं. मी नुसती मान हलवली.

भावजींकडं मग कुणी गाडी घेऊन जाईना. ज्याच्या हाताखाली मालक मेला त्याच्या हातात पाना कोण देणार? वर्षाच्या आत त्यांनी गॅरेजला कुलूप लावलं आणि घाट उतरून चिपळूणला गेले. तिथं दुसऱ्याच्या गॅरेजात नोकर म्हणून राहिले. लग्न जमत आलं होतं, ते मोडलं. मी ह्या बातम्या बाजारात ऐकायचे आणि घरी येऊन सांगायचे नाही. आत्याबाई मात्र दर अवसेला त्यांचं नाव घेऊन बोटं मोडायच्या. पुढं पुढं ते थांबलं. मला वाटलं वय झालं, विसरल्या. जीप आम्ही विकून टाकली. माझी पोरगी, कावेरी, वाढली. ती शिकायला साताऱ्याला गेली आणि सुट्टीला येऊन आजीच्या डोक्याला तेल लावायची.

अशाच एका सुट्टीत, माघातल्या थंडीत, खालच्या आळीतला एक पोरगा चिपळूणहून आला होता. ओसरीवर पाणी प्यायला बसला आणि बोलता बोलता म्हणाला, “ते आनंदा लोहार, संपतमामांचं दोस्त, गेलं की परवा. गाडीखालीच हुतं, काम करता करता. छातीत कळ आली. मागं कुणी न्हाई. गॅरेजवाल्यानंच अग्नी दिला.”

मी चूल सोडून बाहेर आले. आत्याबाई भिंतीला टेकून वाती वळत होत्या. त्यांनी हातातली वात खाली ठेवली. पोरगा गेला. थोड्या वेळानं त्या भिंतीला धरून उठल्या आणि मागच्या दारी गेल्या.

मला वाटलं परसाकडं गेल्या असतील. पाण्याचा आवाज आला म्हणून मी गेले. हौदाशी बसून त्या डोक्यावरून पाणी घेत होत्या, लुगड्यासकट, गार पाणी, एकामागून एक तांब्या. कावेरी पळत आली. “आई, बघ ना, आजी काय करतेय? आजारी पडेल.”

“असू दे,” मी म्हणाले. “तिला थांबवू नको.”

त्यांना कधीपासून ठाऊक होतं ते मी विचारलं नाही. अंगणात त्या नुसत्या बसून होत्या तेव्हापासून की नंतर कधीतरी, ते त्यांनाच माहीत. मी कोरडं लुगडं आणून दिलं. ते नेसून त्या देवघरावरून गेल्या, पण आत पाऊल टाकलं नाही. ओसरीच्या कोपऱ्यात घोंगडं टाकून वेगळ्या बसल्या.

कुंपणापलीकडून शेवंताकाकूनं त्यांचे ओले केस बघितले.

“का गं, अशा थंडीत डोक्यावरनं पाणी? सुतक आलं का? कोण गेलं?”

आत्याबाईंनी ओल्या केसांवर पदर घेतला.

“घरातलं,” त्या म्हणाल्या.